काळी दोन

ऐरोलीत, सेक्टर पाचच्या आमच्या शाळेत
पेटी एकच होती,
आणि तिची काळी दोन मुकी होती.
भाता मारला की तिथून नुसता वारा यायचा,
झोपलेल्या माणसाच्या नाकातून येतो तसा.

कोयंडे सर काळी चारवर सा धरायचे.
म्हणजे नेमका पंचमच गायब.
दुरुस्तीचा अर्ज तीन मुख्याध्यापकांच्या टेबलांवरून फिरला,
अजूनही कुठल्या तरी फायलीत श्वास धरून बसला असेल.
सर म्हणाले, जाऊ दे.
ही पट्टी तुम्ही वाजायची.

तुम्ही म्हणजे मागची रांग,
आवाज फुटलेली आम्ही सहा पोरं.

सातवीपर्यंत मी पुढे होतो,
हेमांगी मढवीच्या शेजारी,
मान उंच करून वरची चाल गात.
मग आठवीतल्या एका सोमवारी, भर प्रार्थनेत,
जिन्यावरून डबा सुटावा तसा माझा आवाज खाली आला,
पायरी पायरी वाजत, झाकणासकट.
हसले सगळेच. हेमांगी जरा उशिरा हसली.
सरांनी दंडाला धरून मला मागे नेलं.
वर जाणारे पुष्कळ मिळतात रे, म्हणाले,
खाली थांबणारा लागतो.

तर मी थांबलो.
पुढच्या मुली पहाट, नद्या, डोंगर, देश
सगळं फिरून यायच्या,
मी आपला आ लावून उभा,
स्टॅंडवर सामान सांभाळत बसलेल्या माणसासारखा.
अख्ख्या गाण्यात शब्द म्हणावेत तर चार,
त्यातला एक ‘हो’.

दहावीच्या डिसेंबरात वाशीला स्पर्धा झाली.
आमचा तिसरा नंबर.
परीक्षक माईकवर म्हणाले,
पेटीची साथ विशेष, पंचम काय भरदार!
आम्ही सहाही जण बुटांकडे बघत राहिलो.
सरांनी तेवढा एकदाच
चष्मा काढून पुसला.

मग निकाल, मग याद्या.
पहिल्या यादीत मी नव्हतो,
दुसरीत ठाण्याचं कॉलेज.
हेमांगी डिप्लोमाला पनवेलला गेली,
भेटलीच तर मशीन ड्रॉइंगबद्दल बोलते.

कॉलेजच्या गायनवृंदाच्या निवडीला
शिरधनकर मॅडम म्हणाल्या, काहीही म्हण, तुझ्या आवडीचं.
मी वाशीचं गाणं म्हटलं.
म्हणजे मला येत होतं तेवढं.
एक सूर, मग तोच सूर, मग बराच वेळ तोच,
मग ‘हो’.
त्या थांबल्या. कुणी तरी खुर्ची सरकवली.
आणि चाल?
चाल पनवेलला असते, मॅडम.

घेतलं मला. मुलगे कमीच होते.

इथल्या कीबोर्डला एकसष्ट पट्ट्या,
सगळ्या बोलक्या.
पहिल्या तालमीनंतर मंडळी कँटीनला पळाली
तेव्हा मी हळूच काळी दोन दाबली.
अशी असते होय ही.
माझ्याहून केसभर खाली.
म्हणजे तीन वर्षं आम्ही सहाही जण
तेवढेच चढे होतो,
आणि पुढच्या चौतीस जणी-जणांनी
आमच्याकडे बघून
आपापलं आभाळ तेवढंच वर टांगलं होतं.

मॅडम म्हणतात, पंचम चढा लागतोय तुझा, उतरव.
उतरवतो. बसतो नीट.
सगळ्यांशी जुळतं, कुणाला कळतही नाही
की आत काही हललं.

संध्याकाळी विटाव्याच्या पुलाखाली
पाणी भरलं की बस अडकते.
इंजिन बंद पडतं, दिवे पिवळे होतात,
आणि मी खिडकीच्या दांडीवर हनुवटी टेकून
तो धरतो, जुन्या जागी,
केसभर वर, ओठ मिटून.

काय रे, कंडक्टर विचारतो.
काही नाही.
ऐरोली, एक.